गाणं तुटायचं तिथून पुढं

नांदुऱ्याच्या भाजीबाजारात भगवानराव हर्रासाला, म्हणजे लिलावाला, उभे राहिले, की नवख्या शेतकऱ्याला आपला माल कधी विकला गेला ते कळतच नसे. वांग्याच्या ढिगाशेजारी उभं राहून ते बोली सुरू करत आणि शब्द एकात एक असे घुसत, की बाहेरच्या माणसाला ती भाषाच वेगळी वाटावी. रामराव अडत्यांच्या गाळ्यावर त्यांनी वीसेक वर्षं हेच काम केलं. घरीही तसंच. जेवताना, शर्टाच्या गुंड्या लावताना, सायकलवर टांग टाकताना बोलणं चालूच. त्यांची बायको जयमाला म्हणायची, "यांचा एक शब्द बाहेर पडत नाई, तं दुसरा दारात उभा राह्यते."

एका हिवाळ्यात टमाट्याच्या कॅरेटची बोली चालू असताना ते मधेच थांबले. थांबले म्हणूनच लोकांनी माना वर केल्या, इतकं ते कधी झालं नव्हतं. उजवा हात खाली लोंबला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ते कॅरेटांवर कोसळले. रामरावांनी आपली गाडी काढून त्यांना बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. लकवा मारला होता.

जीव वाचला. उन्हाळा लागेपर्यंत ते काठी टेकत अंगणात फिरूही लागले. उजव्या हाताची बोटं मुठीत वळलेलीच राहिली, पण डाव्या हाताने घास घेता येऊ लागला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. समजत सगळं होतं. कोण आलं, कोण काय म्हणालं, वरणात मीठ कमी आहे, सगळं. सांगायला गेले की तोंडातून एकच आवाज निघे, "तं." पाणी हवं असलं तरी "तं", पंखा बंद करायचा असला तरी "तं." समोरच्याला कळलं नाही की ते दुसऱ्यांदा म्हणत, तिसऱ्यांदा म्हणत, आणि मग हाताला लागेल ते फेकत.

अकोल्याला बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. रेल्वेने काही खेपा झाल्या. पण डब्यात चढणं-उतरणं भगवानरावांना झेपेना. बाईंनी घरी करायला चित्रांचे पत्ते दिले. कप, चिमणी, चप्पल, घड्याळ. जयमाला रोज समोर बसे.

"हे काय हाय, अवो? सांगा बरं."

भगवानराव त्या चिमणीकडे बघत. ज्या माणसाने सगळा बाजार जिभेवर खेळवला, त्याला चिमणी म्हणता येत नव्हती. एक दिवस त्यांनी सगळे पत्ते उचलून मोरीत टाकले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जयमालाने पत्ते धुतले, दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांना लावून वाळवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर मांडले. ती रोहिणखेडची, भाजी पिकवणाऱ्यांच्या घरची. उगवलं नाही तर पुन्हा पेरायचं, एवढंच तिने लहानपणापासून पाहिलेलं.

मुलगी प्रतीक्षा स्टेशन रोडवरच्या एका औषधाच्या दुकानात कामाला होती. शेजारी गणेशचं सीडीचं दुकान होतं. लोक गाणी मोबाईलवर ऐकू लागल्यावर ते चालेनासं झालं आणि त्याने ते बंद करून मोबाईल दुरुस्तीचं टेबल टाकायचं ठरवलं. भजनं आणि सिनेमाची गाणी पडेल भावात उठली. शेवटी एक संच राहिला, तो कोणी फुकटही नेईना. वर निळं तळं, त्यात दोन हंस, मागे कुठल्यातरी परदेशातले बर्फाचे डोंगर. ‘निवांत: संथ शास्त्रीय संगीत, चार सीडींचा बजेट पॅक’. गायकांची नावं कुठेच नव्हती, नुसतं ‘विविध कलाकार’ लिहिलेलं.

"ने वं प्रतीक्षा," गणेश म्हणाला. "हे लावलं की म्हैस बी झोपते."

बाबांना दुपारची झोप तरी लागेल, म्हणून तिने तो संच आणला. घरात जुना डीव्हीडी प्लेअर होता, तो पुसून टीव्हीला जोडला.

जयमालाने असलं गाणं कधी ऐकलेलं नव्हतं. आधी तंबोऱ्याचा आवाज सुरू झाला आणि तो चालूच राहिला. मग कुणीतरी पुरुषाने एक लांब सूर लावला, सोडला, जरा वेळाने पुन्हा लावला. तबला मधेच एकदा वाजे आणि विसरल्यासारखा गप्प होई. जयमाला परातीत पीठ घेऊन बसली होती. तिने बराच वेळ वाट पाहिली.

"हे गानं सुरू कवा होते वं?"

"आई, हे सुरूच हाय."

"सुरू हाय? मंग हा मानूस काऊन थांबून राह्यला?"

प्रतीक्षा हसली. खाटेवर मात्र भगवानराव उठून बसले होते. आधीचे भगवानराव असते तर त्यांनी हे गाणं एका मिनिटात बंद केलं असतं. आता ते मान किंचित कलती करून ऐकत होते. गायक वर वर चढत गेला, आता कुठेतरी पोचणार असं वाटत असतानाच आवाज बारीक होत होत नाहीसा झाला आणि लगेच बासरी सुरू झाली. भगवानरावांनी काठी जमिनीवर आपटली. "तं! तं!"

"गाणी कापलीत, बाबा," प्रतीक्षा म्हणाली. "एका सीडीत जास्त बसवायची म्हणून. स्वस्तातली हाय ना."

तेव्हापासून जेवण झाल्यावर रोज एक सीडी लागू लागली. गाणं तुटलं की काठी आपटायची, तीही रोजच. पण सीडी बंद करू देत नसत. ऐकताना त्यांच्या कपाळावरच्या आठ्या जात. जयमालाला गाणं कळत नव्हतं, आठ्या कळत होत्या. एवढ्यावरून ती रोज लावत राहिली.

दुसऱ्या सीडीवर एका बाईचं गाणं होतं. त्यातले बाकीचे शब्द आलापात विरघळून जात. एकच शब्द स्वच्छ ऐकू येई, ‘आज’. ती बाई कुठून कुठून फिरून यायची आणि तबल्याच्या एका ठरलेल्या ठोक्यावर तो शब्द अलगद ठेवायची. आऽऽऽज. मग पुन्हा निघून जायची.

एका दुपारी जयमाला ओसरीत मेथी निवडत होती. आत ते गाणं चालू होतं. तिला एकाएकी वाटलं, की दोन माणसं गाताहेत. एक ती बाई. दुसरा आवाज घोगरा, पुरुषाचा, जरासा मागून येणारा.

"आऽऽऽज."

मेथीची जुडी हातात तशीच धरून ती दारात आली. भगवानराव डोळे मिटून बसले होते. बाई फिरून आली, ठोका पडला.

"आऽऽऽज," भगवानराव म्हणाले. तोंड वाकडं होतं, पण शब्द सरळ होता.

त्यांच्या स्वतःच्या लक्षातच आलं नव्हतं. डोळे उघडल्यावर बायको दारात रडताना दिसली, तेव्हा ते दचकले. तेवढ्यात नेहमीप्रमाणे गाणं विरून गेलं आणि सतार वाजू लागली. त्यांनी घाईघाईने ओठ हलवले.

"तं," ते म्हणाले. "तं. तं." पुन्हा तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या. "तं."

जयमालाने जाऊन प्लेअर बंद केला. लग्नातल्या हळदीच्या गाण्यांपलीकडे ती आयुष्यात कधी गायली नव्हती, आवाजही शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक पोचवणारा. ती खाटेच्या कडेला बसली आणि गाणं जिथं तुटलं होतं तिथून तिने पुढं धरलं. सूर कुठं लागला, कुठं नाही. पण शेवटी तो शब्द आला.

"आऽऽऽज."

भगवानराव तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग तिच्या मागोमाग, एका श्वासाने उशिरा, त्यांनी तो शब्द खाली ठेवला. "आऽऽऽज."

बुलढाण्याच्या डॉक्टरांना तिने हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "काही पेशंटचं होतं असं," ते म्हणाले. "मेंदूत बोलण्याचा रस्ता बंद पडतो, पण गाण्याचा थोडा वेगळा असतो, तो कधीकधी शाबूत राहतो. डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायला लावा, त्याचीही मदत होते. किती पुढं जाईल, हे मी सांगू शकत नाही. पण सोडू नका."

"सोडत नाई," जयमाला म्हणाली.

तिने शिकवणी सुरू केली. ‘आज’ येत होतं, म्हणून प्रत्येक गोष्ट ‘आज’च्या शेपटीला बांधायची. आज चहा. आज पाणी. आज आंघोळ. गाऊनच, त्याच चालीत, मांडीवर हळूहळू थाप देत. साधं बोलायला गेलं की ‘तं’ येई. घाई केली की शब्द मोडे. आणि घाई करत होती ती जयमालाच. तिला थांबता येत नव्हतं. ठोका पडायच्या आधीच ती शब्दावर जाऊन पोचे, भगवानराव मागे राहत आणि रागाने हात झटकत.

म्हणून ती सकाळी भाकरी थापताना एकटीच ती सीडी लावू लागली. आता ती गाणं ऐकत नव्हती, त्या बाईचं थांबणं ऐकत होती. ही बाई शब्द हातात असूनही सोडत नाही. कुठवर धरते? श्वास कुठं घेते? ठोका पडायच्या आधी आवाज बारीक का करते? तव्यावरची भाकरी करपे, जयमाला हात तसाच अधांतरी धरून ऐकत बसे. हळूहळू तिलाही सबुरी जमू लागली. पुढे पुढे बस उशिरा आली तरी ती चिडेना, हे प्रतीक्षाने पहिल्यांदा ओळखलं.

शेजारच्या अन्नपूर्णाबाई रोज दुपारी भिंतीवरून डोकावत. "जयमाला, गान्याचा क्लास काढला का वं? आज भाजी, आज भाकर! आमच्या घरचे लेकरं बी तसंच म्हणून राह्यले आता."

"म्हणू दे," जयमाला म्हणायची. "बिघडत काय नाई."

पावसाळा सरता सरता भगवानरावांकडे बरेच शब्द जमले. सगळे गाण्यातले, सगळे ‘आज’च्या मागून येणारे. मग एक दिवस ते कुणाला न सांगता काठी टेकत बाजाराच्या फाटकापर्यंत गेले. तिथल्या टपरीवर ते वर्षानुवर्षं चहा पीत. ओळखीची माणसं उठून उभी राहिली, कुणी बाकडं पुसून दिलं. टपरीवाल्याने विचारलं, "काय देऊ, भगवानराव?"

त्यांनी मांडीवर थाप दिली. "आऽऽऽज... चऽऽ... हा."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "पेटी आणू का, भगवानराव?" आणि हशा झाला. वाईट मनाने कुणी हसलं नव्हतं. पण हशा तो हशाच. भगवानराव चहा न घेता घरी आले.

जयमाला दळण घेऊन परतली तेव्हा ओसरीच्या पायरीवर सीडीचे तुकडे पडले होते. दुसरी सीडी, ‘आज’वाली. एका हाताने मोडता येईना म्हणून त्यांनी ती पायरीखाली अडकवून पायाने मोडली होती. ते आत भिंतीकडे तोंड करून पडले होते.

टपरीवरचा प्रकार प्रतीक्षाला बाजारातल्याच एकाने सांगितला. संध्याकाळी तिने मोबाईलवर ते गाणं शोधून पाहिलं. पण शोधणार काय? गाणारीचं नाव माहीत नाही, रागाचं नाव माहीत नाही. गणेशकडेही दुसरा संच नव्हता.

"राहू दे," जयमाला म्हणाली. "गानं माह्या ध्यानात हाय."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती नेहमीच्या जागी बसली. भगवानरावांची पाठच तिच्याकडे होती. तिने आधी तंबोऱ्यासारखं गुणगुणून घेतलं, मग ते गाणं पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. बाईने घेतलेल्या जागा तिच्या गळ्यात बसत नव्हत्या, तिथे ती आपल्याला जमेल तसं वळत गेली. सीडीवर जिथं गाणं तुटायचं तिथं ती आली. आता तोडणारं काही नव्हतं. ती तशीच पुढं गेली. पुढं काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने आपल्या मनाने बांधलं. दर फेरीला ‘आज’वर येत राहिली.

पाठ हलली नाही.

"लोकं हसले," ती शेवटी म्हणाली. "हसू द्या. मले तं अन्नपूर्णाबाई रोजच हसते. म्या बंद केलं का? तुम्ही बाजारात पह्यल्यांदा हर्रास बोलले तवा काय आरती ओवाळली व्हती लोकायनं?"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. तिसऱ्या दिवशीही. त्या आठवड्यात घरात पाहुणे आले, वीज गेली, प्रतीक्षाला ताप आला. जयमालाची दुपार काही चुकली नाही. प्रतीक्षा एकदा म्हणाली, "आई, बाबांना त्रास होत असन. जाऊ दे ना काही दिवस." जयमालाने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती गायला बसली.

एका दुपारी असंच गाताना तिला भगवानरावांचा डावा हात गोधडीवर हलताना दिसला. ठेका नीट होता. तिने आवाज तसाच ठेवला, आनंद कुठं दिसू दिला नाही. जवळ उतरलेलं पाखरू उडू नये तशी ती सावध गात राहिली. ठोक्याची जागा आली.

"आऽऽऽज..." भिंतीकडून आवाज आला. मग जरा थांबून, "नऽऽ... को."

जयमाला गायची थांबली. "काय म्हनाले?"

"आऽऽज... नको!"

ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला. "अवो, नको हा शब्द म्या कवा शिकवला तुम्हाले? तुमचा तुम्हीच आनला!"

भगवानराव तिच्याकडे वळले. चेहऱ्यावर राग होता, पण तो टिकेना. ओठाची चांगली बाजू हलली. "नऽऽको," ते पुन्हा म्हणाले, या वेळी चव घेतल्यासारखं.

थंडी पडल्यावर ते सकाळी जयमालाबरोबर बाजारात जाऊ लागले. ती भाजी घेई, तोवर ते रामरावांच्या गाळ्यावर खुर्चीत बसत. हर्रास आता कुलदीप बोलायचा. पंचविशीचा तरतरीत पोरगा, भगवानरावांचंच ऐकून ऐकून तयार झालेला. जीभ त्याचीही पळत होती. पण भगवानराव बोलता बोलता घोळक्याच्या मागच्या रांगेपर्यंत नजर फिरवत, ती सवय काही त्याच्यात उतरली नव्हती.

त्या दिवशी बाहेरगावी जाणारा ट्रक भरायचा होता आणि ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. सोजराबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंची मेथी हर्रासाला आली. कोवळ्या, टवटवीत जुड्या होत्या, पहाटे धुऊन आणलेल्या. कुलदीपने बोली सुरू केली आणि समोरच्या दोघा व्यापाऱ्यांत ती झपाट्याने संपवलीसुद्धा. "झाली! पुढचा ढीग!"

"अरे बाबू," सोजराबाई म्हणाल्या, "त्या मांगच्या मानसानं हात वर केलता ना."

कुणी ऐकलं नाही. सगळा घोळका फुलकोबीकडे सरकला. सोजराबाई आणखी एकदा म्हणाल्या, मग पदराने तोंड पुसू लागल्या.

भगवानरावांनी तो हात पाहिला होता. ते काठीवर जोर देऊन उठले. जयमाला पिशवी घेऊन तेव्हाच तिथे पोचली होती. तिनेही सोजराबाईंचं बोलणं ऐकलं होतं. भगवानरावांच्या तोंडून आधी तो जुनाच आवाज आला, "तं. तं." दोन-चार जणांनी वळून पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

जयमालाला एक हाक मारून कुलदीपला थांबवता आलं असतं. तिचा आवाज सगळ्या बाजाराच्या वर निघाला असता. हाक तिच्या गळ्यापर्यंत आलीही. तिने पिशवीचे बंद मुठीत आवळले आणि त्यांच्या थापेची वाट पाहिली.

भगवानरावांनी डोळे मिटले. काठी काखेत धरून डावा हात मांडीवर टाकला. एक थाप. मग दुसरी. हॉर्न वाजतच होता.

"आऽऽऽज..." ते म्हणाले. "थांऽऽ... बा."

खर्जातला, भरलेला, लांब आवाज. हर्रासाच्या त्या गलक्यात तो कुणाशी झगडला नाही, खालून पसरत गेला. एक पोरगं खी करून हसलं. कुलदीपची जीभ अडखळली.

"मांऽऽगं," भगवानराव म्हणाले. घामाने त्यांचं कपाळ भिजलं होतं. "बोऽऽ... ली."

माणसं मागे वळली. मागच्या रांगेत खामगावकडचा एक व्यापारी उभा होता. तो म्हणाला, "हाव, म्या बोली देल्ली व्हती. पाह्यलंच नाई कोनी. म्या म्हटलं जाऊ द्या."

रामराव गल्ल्यावरून उठून आले. ट्रकचा खोळंबा त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. त्यांनी कुलदीपकडे पाहिलं, भगवानरावांकडे पाहिलं.

"बोली व्हती तं पुन्हा लाव," ते कुलदीपला म्हणाले. "ट्रक काय पयून नाई जात."

मेथीची बोली पुन्हा झाली. भाव पहिल्यापेक्षा थोडा बरा आला, फार नाही. जुड्या उचलल्या गेल्यावर सोजराबाई खुर्चीजवळ आल्या.

"भगवानराव," त्या म्हणाल्या, "इतके वर्सं तुमच्या पुढ्यात माल टाकला म्या. तुमचं बोलनं मले आज समजलं. पह्यले एक अक्षर समजत नवतं."

हे ऐकून आजूबाजूचे हसले आणि या वेळी भगवानरावही हसले.

त्या दोन-तीन शब्दांची किंमत मात्र त्यांना मोजावी लागली. घरी आल्यावर ते ताट न मागता झोपले आणि पुढचे दोन-तीन दिवस त्यांच्या तोंडून एकही शब्द निघाला नाही. ‘आज’सुद्धा नाही. जयमालाला वाटलं, सगळं पुन्हा गेलं की काय? तिने प्रतीक्षाला डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. ते म्हणाले, थकवा आहे, आराम द्या, येईल. तिने दुपारी शब्द मागितला नाही. आपली आपण हळू आवाजात गात बसली, बस एवढंच.

चौथ्या दिवशी कुलदीप घरी आला. चपला काढून ओसरीत उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना.

"काका," तो म्हणाला, "त्या दिवशी माह्या नजरेतून सुटलं. तुम्ही रोज येऊन बसत जा ना. माह्यं तोंड पयते, पन डोये नाई पोचत मांगपर्यंत. काही राह्यलं तं नुसता हात वर करा, मी थांबन. मालकाले विचारून आलो मी."

भगवानरावांनी मांडीवर हात ठेवला. जयमाला नकळत आपल्या मनात ठेका धरून उभी राहिली. ‘आज’ येईल म्हणून ती वाट बघत होती.

"येऽऽतो," भगवानराव म्हणाले.

कुलदीपला त्यात काही विशेष वाटलं नाही. तो मान हलवून गेला. जयमाला मात्र दाराची चौकट धरून तशीच उभी होती. शब्द ‘आज’चं बोट न धरता एकटाच आला होता.

आता भगवानराव रोज सकाळी गाळ्यावर बसतात. आठवड्यातून एखाद्या वेळी त्यांचा डावा हात वर जातो आणि कुलदीप बोलता बोलता गप्प होतो. व्यापाऱ्यांना सुरुवातीला ते जड गेलं, आता मागची रांग दिसावी म्हणून ते आपणहून बाजूला सरकतात. बोलणं सगळं परत आलेलं नाही. प्रतीक्षाच्या नावातलं ते अजून ‘ती’ एवढंच म्हणू शकतात. रागावले की ‘तं’ निघतो. पाहुण्यांसमोर अवघड होतं. काही शब्द आठवडाभर राहतात आणि निघून जातात, ते पुन्हा पहिल्यापासून आणावे लागतात. जयमाला ते आणते.

दुपारची बैठक चालू आहे. उरलेल्या तीन सीडी अजून लागतात. परवा जयमालाने तिसऱ्या सीडीतलं एक नवं गाणं निवडलं होतं, त्यावर कोणता शब्द बसवायचा तेही ठरवून ठेवलं होतं. ती गुणगुणायला लागली तशी भगवानरावांनी हात वर केला.

"नऽऽको."

"मंग काय? कोनतं?"

मांडीवर थाप सुरू झाली, नेहमीपेक्षाही संथ. त्यांनी डोळे मिटून एक सूर लावला. जयमालाने तो कुठल्याच सीडीवर ऐकलेला नव्हता. पुढं कुठं जाणार याचा तिला अंदाज येईना. तिने पदर खोचला, त्यांच्या तोंडाकडे नजर लावली आणि ती त्यांच्या मागोमाग गाऊ लागली.